मोहफुलं खाल्लेली टाकी

गडचिरोलीचं नाव वाचलं का तुमी लोक जरा सरकून बसता, मले मालूम हाय. आता वाघ येईल, असं वाटून राह्यलं असेल. नाईतर जंगलातून कोणी बंदूकवाला निंगंल. तेबी नाई तं निदान एखादा म्हातारा शेकोटीपाशी बसून जुन्या गोष्टी सांगंल. तं आधीच सांगून ठेवतो. वाघ हाय, पन तो त्याच्या कामात होता. बंदूकवाल्याचं माह्या गोष्टीत काई काम नाई. म्हातारा हाय, पन तो शेकोटीपाशी नाई, आमच्या डोक्यावर बसून होता. माही गोष्ट शेणाची हाय. सडलेल्या टमाटरची, शाळेतल्या उरलेल्या खिचडीची आन् बाजार उठल्यावर मागं राह्यते त्या समद्या घाणीची. पुस्तक ठेवायचं असेल तं आत्ताच ठेवा. मंग मधातच नाक दाबू नका.

मी नकला करतो. लहानपणापासून करतो आन् चांगल्या करतो, उगाच लाजत नाई. शाळेत असतानी हेडमास्तरच्या आवाजात व्हरांड्यातून "आज अर्धी सुट्टी" म्हणलो होतो, तं दोन वर्ग दप्तर घेऊन घरी गेले. कंडक्टर म्हणा, बाजारातला मच्छरदाणीवाला म्हणा, स्पीकरवरून मत मागणारा पुढारी म्हणा, एकदा आवाज कानात गेला का तो माहा झाला. म्हशीचाबी काढतो. म्हशी वळून पाह्यतात.

ब्रह्मपुरीले बी.ए. झालो आन् मामाच्या गावाले आलो. वैनगंगा वलांडली का जीपनं अजून दोन घंटे, मंग जंगलातून पायी. मामा ट्रकवर असते, एटापल्लीकडं, महिन्यातून एकदा घरी येते. म्हणून घर, वावर आन् गाव, तिन्ही मामीच सांभाळते. मामी बचत गटाची अध्यक्ष. त्या गटानं बाजाराच्या मागं मोठा गोबरगॅस बसवला होता, आन् मी आलो तवा त्याच्यावर पडेल ते काम कराले कोणीतरी पाहिजे होतं. मी रिकामाच होतो.

काम सोपं हाय, पन घाण हाय. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सडका भाजीपाला गोळा करायचा, बारीक कापायचा. गोठ्यागोठ्यातून शेण आणायचं. शेण आन् पानी मापात कालवून तोंडाकडच्या हौदातून टाकीत सोडायचं. टाकीवर लोखंडाचं मोठं झाकण उपडं ठेवलेलं असते, आत गॅस झाला का ते वर चढते. तिथून पाइप शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडात जाते आन् पोट्ट्यांची खिचडी त्याच्यावर शिजते. दुसऱ्या बाजूनं पातळ काळं खत बाहेर पडते. ते खड्ड्यात वाळवून बाया धानाच्या पऱ्ह्यात, म्हणजे रोपाच्या वाफ्यात, टाकतात. हे समदं मले मामीनं शिकवलं. हात बुडवून शिकवलं. पह्यल्या दिवशी मी काडीनं ढवळून राह्यलो होतो, तं म्हणे, "बाबू, तू काय चहात साखर घालून राह्यला का? हात घाल." मी हात घातला. त्या दिवशी मी जेवलो नाई. दुसऱ्या दिवशी दोन ताटं जेवलो.

अडचण एकच होती. टाकी ज्या जागेवर होती, ती जागा गावाची. गटाले ती एका सालासाठी दिली होती, आन् साल संपत आलं होतं. गावातल्या काही लोकायले तिथं तेंदूपत्त्याचं गोदाम पाहिजे होतं. ग्रामसभेत हा विषय निंघाला तवा गावचे भूमिया उभे राह्यले. गोंडाचे जुने मानकरी, समदे त्याईले दादा म्हणतात. दादा म्हणाले, "जंगल बाजूलेच हाय. लाकडं सरली का? शेन कुजवून भात शिजवाची काय गरज पडली?"

मामी बसल्याजागीच म्हणली, "दादा, लाकडं सरली नाई. पन आनाले माही मान सरली ना."

लोक हसले. दादाबी हसले, पन जागा काई दिली नाई. मंग मामी उभी राह्यली आन् म्हणली, "फुडच्या सभेले समद्या गावाचा भात मी याच गॅसवर शिजवते. शिजला तं जागा गटाची. नाई शिजला तं गोदाम बांधा, मी सोता टाकी उचलून देते."

फुडची सभा महिन्याभरानं होती. गॅस रोज येऊन राह्यला होता. मामी जिंकणार, हे मले तवाच दिसून राह्यलं होतं.

आता मी काय केलं ते ऐका.

आमचे गॅसवाले सायेब ब्रह्मपुरीले बसतात. माणूस भला, बोलणं पार पुण्याकडचं. महिन्यातून एकदा येतात, बाकी फोनवर सांगतात. नंबर कधी एक, कधी दुसरा, कधी ज्या गावात असतील तिथल्या कोणाचा. आमच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, येते, म्हणून मामी सांजच्या वेळी पारीवर जाऊन बसे आन् सायेबाचा फोन आला का "हो सायेब, हो सायेब" करे. हे मी रोज पाह्यत होतो. माह्यासारख्याले हे पाहून गप्प बसवते का?

फाल्गुन सरत आला होता. आमच्याकडं नवीन मोह पडायच्या आधी घरोघरी साठवणीच्या ढोल्या रिकाम्या करतात. मागच्या सालची उरलेली मोहफुलं, किडे लागलेली, बुरशी आलेली, अंगणात काढून टाकतात, म्हणजे नवीन फुलाले जागा होते. गावभर तो गोड, आंबूस वास सुटला होता. बाजारचा दिवस होता. मी मच्छरदाणीवाल्याचा फोन मागतला, तलावाच्या दुसऱ्या टोकाले गेलो आन् मामीले लावला.

"हं, ताई, नमस्कार. काय आहे ना, तुमचा प्लांट अगदी उत्तम चाललाय. खरं सांगू का, इतक्या निगुतीनं चालवणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही हं. आता आपण एक करूयात. गावात जुनी मोहफुलं निघाली असतील ना? ती सगळी टाकीत जाऊ देत. अहो, मोह आहे तो! असा गॅस येईल, असा गॅस येईल, की झाकण गच्चीवर जाऊन बसेल."

तिकून मामी म्हणली, "हो सायेब. समदी टाकू का सायेब?"

"सगळी, ताई. अगदी सगळी."

फोन ठेवला आन् मी पारीवर लोळून लोळून हसलो. विचार असा होता का घरी जाऊन सांगायचं, मामीचे दोन धपाटे खायचे आन् जेवायचं.

घरी गेलो तं मामीचं तोंड असं फुललं होतं का काय सांगू. शेजारच्या दोघीतिघींले ती सांगून राह्यली होती, "सायेब सोता म्हणे, तुमच्यासारखं कोनी नाई चालवत. सोता म्हणे!" मले पाह्यलं तं म्हणली, "बाबू, ऐकलं का तू? निगुतीनं, म्हणे." तो शब्द तिनं तीनदा म्हणला. आमच्याकडं तो शब्द कोणी वापरत नाई, पन तिले तो लयच आवडला होता.

आता अशा वेळी तुमी सांगतलं असतं का? म्हणलं, आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पहाटेच मले शेगडीचा बर्नर दुरुस्तीले घेऊन ब्रह्मपुरीले जावं लागलं. दुकानदार म्हणे परवा या. मी दोस्ताच्या खोलीवर दोन दिवस राह्यलो, मजेत. मले वाटत होतं, मामी काई केल्याशिवाय मले विचारंलच.

तिनं नाई विचारलं. काऊन विचारंल? सायेबानं सांगतलं होतं. आन् खरं म्हणजे तिले त्यात काई चुकीचंबी वाटलं नसंल, कारण मोहफुलं भिजवली का कशी बुडबुडे मारून फसफसतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालेबी मालूम हाय. एवढं फसफसते तं गॅस होणारच, असं कोणालेबी वाटंल. जंगलाबाहेरच्या कुठल्या गावात हे घडलं नसतं, त्याईच्या घरी मोहफुलाचे ढीगच नसतात.

मी परत आलो तं टाकीपाशी ही गर्दी. झाकण इतकं वर चढलं होतं का मी आजपर्यंत तसं पाह्यलं नव्हतं. मामी कमरेवर हात ठेवून उभी. "पाह्य बाबू! सात पोते टाकले. घरोघरी फिरून जमवले." गावातले दोन शौकीन हौदापाशी उभे राहून डोळे मिटून वास घेऊन राह्यले होते. वास खराच दारूच्या भट्टीसारखा येत होता.

मी बर्नर बसवला. नळ उघडला. काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली, तीबी विझली. अर्धी पेटी सरली. फुस्स करून हवा येत होती, बाकी काई नाई. शाळेतली खिचडी त्या दिवशी लाकडावर शिजली, आन् शेडात पुन्हा धूर भरला. दादा तिकून चालले होते, धूर पाहून थांबले.

"काय झालं?"

मामी म्हणली, "पेटून नाई राह्यलं, दादा."

दादा हौदापाशी गेले, वाकले, वास घेतला. मंग हळूच म्हणाले, "मोहफुलं? मोहफुलाले शेनात घालते का कोनी?" त्याईच्याकडं मोह म्हणजे काय, हे मी तुमाले काय सांगू. नवीन फुलं देवाले दिल्याबिगर ते तोंडात टाकत नाई. दादा रागावले नाई, ते तसेच निंघून गेले. रागावले असते तं बरं झालं असतं.

मी पळत पारीवर गेलो आन् खऱ्या सायेबाले फोन लावला. काय झालं ते सांगतलं, पन काऊन झालं ते नाई. सायेबानं नीट समजावलं. टाकीत दोन जातीचे जंतू राह्यतात. एक खादाड, ते आंबवतात. दुसरे सावकाश खातात, आन् पेटणारा गॅस ते करतात. एकदम एवढं गोड पडलं का खादाड माजतात, टाकी आंबट होते, आन् दुसरे बिचारे आंबटात मरतात. मंग झाकण वर चढते, पन आत पेटणारा गॅस नसतेच. उपाय एकच. टाकणं एकदम कमी करा, राख आन् चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, आन् दुसऱ्या कुठल्या चालू टाकीतली स्लरी, म्हणजे तिथलं पातळ शेण, आणून आत सोडा. "आणि धीर धरा," सायेब म्हणाले. "पण ताईंनी एवढी फुलं टाकली कशी? त्या तर फार निगुतीनं चालवतात."

खरंच म्हणले ते. तोच शब्द. मी फोन ठेवला.

सभेले अजून सतरा दिवस होते. मी ठरवलं, टाकी मी सुधरवतो. सुधरली का मंग सांगतो. हे ठरवलं आन् मले एकदम हलकं वाटलं. जमणार, याची मले खात्रीच होती. माही खात्री अशीच असते, कारण लागत नाई.

ब्रह्मपुरीच्या अलीकडं एका गोठ्यात चालू गोबरगॅस हाय. तिथून चार ड्रम स्लरी भरली आन् काळीपिवळी जीपच्या टपावर चढवली. ड्रायव्हर खालून ओरडला, "काय हाय बे याच्यात?"

"विरजण," मी म्हणलो.

"एवढं?"

"लग्न मोठं हाय, भाऊ."

रस्त्यात एका खड्ड्यात जीप उसळली, एका ड्रमाचं झाकण सुटलं, आन् मागच्या काचेवरून विरजण वाह्यलं. आतल्या एका बाईनं खिडकीतून बोट लावून पाह्यलं, नाकाले नेलं, आन् मंग जे सुरू झाली! "कोनाचं लगन हाय बे? म्हशीचं?" समदी जीप हसून राह्यली होती, ड्रायव्हर सोडून. त्यानं मले फुडच्या फाट्यावर तीन भरल्या आन् एका अर्ध्या ड्रमासकट उतरवलं. तिथून मी बैलबंडीनं आलो. बंडीवाल्याले मात्र खरं सांगतलं. तो म्हणे, "शेनच हाय ना? मंग बस ना गा."

मंग रोज तेच काम. सकाळी राख चाळायची, निवळी करायची, मापानं सोडायची, बांबूनं ढवळायचं, वास घ्यायचा. चौथ्या दिवशी भट्टीचा वास कमी झाला. सातव्या दिवशी शेणाचा वास आला, आन् तो वास मले अत्तरासारखा वाटला, खोटं नाई सांगत. नवव्या दिवशी काडी लावली तं भपकन पेटलं आन् विझलं. पन पेटलं!

टाकी सुधरत होती. मामी मात्र बिघडत होती. लाजेपाई ती पारीवर जाईना, सायेबाचे फोन मीच घेऊन राह्यलो होतो. गटाच्या बैठकीत ती बायांले म्हणली, "माहीच चूक. सायेबानं थोडी टाका म्हणलं असंल, मीच हुरळून जास्त समजली." मी दारात उभा होतो. तसाच राख चाळाले निंघून गेलो. त्या दिवसापासून ती हौदापाशी उभी राहून मलेच विचारे, हे टाकू का, ते टाकू का, आता ढवळू का. ज्या बाईनं मले हात बुडवाले शिकवलं, ती मले विचारून राह्यली होती, आन् मी शहाण्यासारखा सांगून राह्यलो होतो.

सभेच्या दिवशी सकाळी मी काडी लावली. निळा जाळ, गोल, बांगडीसारखा. मामीनं शेगडीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवला. शेडातल्या तीन शेगड्यांवर भात झाला, वरण झालं, वांग्याची भाजी झाली. गाव जेवलं. दादा जेवले, हात धुतले, आन् सभा बसली.

दादा म्हणाले, "भात शिजला. खोटं कसं बोलू. पन त्या दिवशी काऊन नाई पेटलं?"

मामी उभी राह्यली. "माही चूक होती, दादा. माह्या समजण्यात कमी पडलं."

गोदामवाल्यायपैकी एक जण लगेच म्हणला, "हेच तं आमी म्हणतो. आज एक चूक, उद्या दुसरी. जागा काऊन अडकवायची?"

चारपाच माना हलल्या. दादाचीबी मान हलाले लागली. मामी खाली पाह्यत होती. ती जागा जाताना मले समोर दिसून राह्यली होती.

मी उठलो. सांगायचं तं होतं, पन माह्या सोताच्या आवाजात ते निंघेना. मंग मी सायेबाच्या आवाजात सुरू केलं. "हं, ताई, नमस्कार. काय आहे ना, गावात जुनी मोहफुलं निघाली असतील ना? ती सगळी टाकीत जाऊ देत. अगदी सगळी."

पह्यले समदे हसले. नक्कल चांगलीच होती. मंग बायांचं हसणं थांबलं, मंग माणसायचं. मी म्हणलो, "दादा, तो फोन मी केला होता. मामीची चूक नाई. तिले जे सांगतलं ते तिनं बरोबर केलं. चूक माही हाय."

मामीनं माह्याकडं पाह्यलं नाई.

दादा त्या गोदामवाल्याले म्हणाले, "बाईची चूक नव्हती, तरी तिनं आपल्यावर घेतली. असा मानूस जागा सांभाळंल का नाई सांभाळनार?" दादानं समद्यायले विचारलं, कोणाचं काई म्हणणं हाय का. पह्यले बायांचे हात वर झाले, मंग बाकीचे. दादा गोंडीत म्हणाले, "इंगो," म्हणजे हो, आन् मान हलवली. जागा गटाची झाली. मंग माह्याकडं बोट करून म्हणाले, "आन् याच्या तोंडाचा बंदोबस्त त्याच्या मामीकडं."

लोक पांगले. मामी गंज घासत बसली होती. मी जवळ गेलो. म्हणलं, दोन धपाटे पडतील, संपंल.

"बस," ती म्हणली. मी बसलो.

"मोहफुलं सडकी होती, गेली तं गेली. टाकी आंबली, तू सुधरवली, तेबी मी पाह्यलं. त्याचं मी काई म्हणून नाई राह्यली."

"मंग मामी..."

"तोंड बंद. पंधरा-वीस दिवस तू बोलला, आज मी बोलते. फोन केला, ते तुह्यं पोट्टेपन. पन त्याच्या मंग? रोज माह्या समोर जेवाले बसत होता ना? मी जेवन सोडून विचार करत होती, का आपल्याले अक्कलच नाई, सायेब एक सांगते आन् आपन दुसरंच ऐकतो. गटाच्या बायांसमोर मी हात जोडले. दारात तू होता. मले दिसला होता तू. मले वाटलं, पोराले माह्यासाठी वाईट वाटून राह्यलं!"

मी म्हणलो, "वाटतच होतं, मामी."

"मंग सांगाले काय धाड भरली होती? आन् आजबी सांगतलं तं सायेबाच्या तोंडानं! तुह्या आईनं तुले तोंड दिलं नाई का? लोक आधी हसले, ऐकलं ना? माही जागा जाऊन राह्यली होती, आन् लोक हसून राह्यले होते, तुह्या नकलेपाई!"

तिनं राखेची मूठ गंजात टाकली आन् जोरात घासाले लागली.

"आन् मी विचारत होती तं उत्तरं देत होता! मले! शेन किती टाकू, म्हणलं, तं म्हणे, तीन घमेले टाक मामी. तीन! आंबलेल्या टाकीत तीन घमेले टाकते का कोनी? मी एकच टाकलं रोज. एकच. माही अक्कल गेली असं समदं गाव म्हणत होतं, मीबी म्हणत होती, पन हात काई ऐकत नव्हता ना माहा. तीन टाकले असते तं आज लाकडं फोडत बसली असती मी. मोठा सुधरवनारा आला. ऊठ, तो दुसरा गंज घे. आन् तारेनं नको घासू, बूड जाईल त्याचं. हातानं घास."